उरलेले लाल चेहरे

४ जून

समोरचा माणूस घाबरलाय हे ज्याला दिसतच नाही, त्याला 'तू त्याला घाबरवलंस' हे कसं समजावायचं? आज कामाच्या पहिल्याच दिवशी मॅडमनी मला हे विचारलं. खूप विचार केला आणि शेवटी खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं. ज्यांना माहीत असतं ते इथे फार दिवस टिकत नाहीत."

घरी मात्र कुणालाच नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. ऑटिझम असलेल्या किंवा बौद्धिक वाढ कमी असलेल्या माणसाच्या हातून गुन्हा घडला, तर कोर्ट काहींना तुरुंगाऐवजी आमच्या केंद्रात पाठवतं. ते पुन्हा घडू नये म्हणून इथे त्यांना शिकवतात. बाबांनी विचारलं, "म्हणजे शाळा?" मी म्हटलं, नाही. "मग तुरुंग?" तेही नाही. "दाराला कुलूप असतं का?" असतं. "झालं तर मग," म्हणाले आणि चहा प्यायले.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्यामुळे मला सगळं येतं असा सगळ्यांचा समज आहे. मावशीने संध्याकाळी फोन करून गुडघेदुखीवर काय घ्यावं ते विचारलं.

मॅडम केंद्राच्या प्रमुख, मी त्यांची सहायक. सहा महिन्यांनी कायम करायचं की नाही, ते मॅडम ठरवणार.

९ जून

माझ्या गटात पाच जण आहेत. मंगळवार आणि शुक्रवार, गोल टेबल, जमिनीला स्क्रूने घट्ट बसवलेल्या खुर्च्या. वॉर्डचे ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, कायम दाराशी उभे असतात. वीस वर्षं इथे आहेत, त्यामुळे मला काय माहीत नाही हे त्यांना माझ्याआधी कळतं.

पाचांपैकी एकाचं नाव सगळ्यांनी 'बंदोबस्त' ठेवलंय. वय अडतीस, ऑटिझम, बोलणं मोजकं. मी टेबलावर पेन्सिलींचा पाऊच ठेवला, त्यांनी त्याची चेन लावली. मी पेन्सिल काढली, त्यांनी पुन्हा लावली. असं चार वेळा. फाइलचं बटणही लावलं. ब्रदर म्हणाले, "बाई, तुमच्या पोतडीचं तोंड उघडं दिसलं की याचा जीव वरखाली होतो."

मला हसू आलं. मग फाइल वाचली आणि हसू गेलं. दोन वर्षांत चौदा घटना. रस्त्यात, दुकानात, जिन्यात अनोळखी बायकांच्या पर्स ओढून धरल्या. शेवटच्या घटनेत एका बाईच्या अंगातल्या जॅकेटलाच हात घातला. बाई जिन्यावरून पडली. फाइलमध्ये 'चोरी' खोडून 'विनयभंग' लिहिलंय आणि पुढे प्रश्नचिन्ह.

मी त्यांना दादा म्हणायचं ठरवलंय. बंदोबस्त म्हणणार नाही. (त्यांना मात्र त्याचं काहीच वाटत नाही. 'ए बंदोबस्त, चहा' म्हटलं की येतात.)

१६ जून

आज पाच चौकटींचं काम सुरू केलं. प्रत्येक घटनेसाठी एक कागद: काय दिसलं, काय विचार आला, काय वाटलं, काय केलं, पुढे काय झालं. तिसऱ्या चौकटीत, म्हणजे 'काय वाटलं' तिथे, चेहऱ्याचं स्टिकर लावायचं. पिवळा हसरा, निळा रडवेला, हिरवा घाबरलेला, लाल रागावलेला.

दादांचा पहिला कागद असा:

चेन उघडी. बंद करायची. (रिकामं.) बंद केली. पोलीस.

इतकं नेमकं मी परीक्षेतही कधी लिहिलं नाही. पण तिसरी चौकट रिकामी. मी म्हटलं, "दादा, रिकामी सोडायची नाही. एक चेहरा लावा." रिकामी चौकट त्यांनाही बघवत नव्हती हे दिसत होतं, बोट तिच्या कडेने फिरत होतं. त्यांनी स्टिकरचं पत्रक ओढून घेतलं, ओठ हलवत काहीतरी पुटपुटले, मग विचारलं, "किती उरलेत?" मी म्हटलं, भरपूर आहेत, काळजी नको. त्यांनी लाल काढला आणि बरोबर मधोमध चिकटवला.

राग. पहिल्याच दिवशी. मी ब्रदरकडे पाहिलं. ब्रदर म्हणाले, "इथे लाल कुणी हातात धरत नाही. रागावलो म्हटलं की पुढे दहा प्रश्न विचारतात, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. ती लाल रांग मी इथे आल्यापासून तशीच आहे."

म्हणजे दादा पहिलेच. घरी येताना पूर्ण रस्ता चालत आले, बस पकडायचं सुचलंच नाही.

३ जुलै

दहा घटना झाल्या, दहाही लाल. मी त्याचा तक्ता केला. मॅडमनी तो टेबलाच्या काचेखाली ठेवला. म्हणाल्या, "पाच मानसतज्ज्ञांनी याला विचारून पाहिलं. कुणाला एक भावना काढता आली नाही. तू काढलीस." मग माझ्याकडे न बघता, "कायम करायच्या पत्राला हाच जोडू."

धाकटा भाऊ आता मला 'डॉक्टरीणबाई' म्हणतो. आज म्हणाला, "डॉक्टरीणबाई, मला लाल स्टिकर लावा, आईने रिमोट काढून घेतलाय."

एक गोष्ट मात्र खटकते. राग असेल तर कशाचा? मी विचारलं. दादा म्हणाले, "चेन उघडी." बाईचा राग आला का? "कुठली बाई?"

१४ जुलै

आज जिन्यावरच्या बाईंचा जबाब वाचला. एका दवाखान्यात हिशेब बघतात. त्या जिना उतरत होत्या, मागून कुणीतरी पुढ्यात आलं, जॅकेट खालून धरलं आणि वर ओढू लागलं. त्या ओरडल्या. त्याने सोडलं नाही. सहा पायऱ्या. मनगट दोन ठिकाणी मोडलं. शेवटी लिहिलंय: 'तो माझ्याकडे बघतही नव्हता. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. अजून मी जिन्यात कुणाला मागे येऊ देत नाही, त्यांना आधी जायला सांगते.'

दादा मला आवडायला लागलेत आणि या बाई मी कधी पाहिल्याही नाहीत. दोघांचंही खरं एकाच फाइलमध्ये आहे.

दादांना जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, "त्या ओरडल्या तेव्हा सोडलं का नाही?"

"मध्येच अडकली होती."

"कोण, बाई?"

"चेन."

२८ जुलै

दादांची ताई भेटायला आली होती. मोठी बहीण, शाळेत स्वयंपाकाचं काम करते. त्यांचे शर्ट आणले होते, सगळ्यांना बटणं. पँटलासुद्धा. "मी चेन काढून टाकते आणि बटणं लावते. चेनचं काही त्याच्यासमोर आणतच नाही." मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, याला पुढे कुठे ठेवायचं ते ठरवायला समिती बारा सप्टेंबरला बसणार ना? सहा जण मिळून राहतात ते बाहेरचं घर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. रोज येता येईल. नाहीतर बंद विभाग, तिथे महिन्यातून एकदा. आई आता फार दिवसांची नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही नीट लिहा."

मी म्हटलं, लिहिते. मला खरंच वाटत होतं की मी नीट लिहितेय. राग कळला की रागावर काम करता येतं.

४ ऑगस्ट

स्टिकरची पत्रकं संपत आली होती, नवा गठ्ठा आला. उरलेल्या चार घटना आज पूर्ण केल्या. दादांनी गठ्ठा चाळला, पुटपुटले आणि चारही कागदांवर पिवळा हसरा लावला. त्यातच जिन्यावरची घटना होती.

मॅडमनी कागद हातात घेतला आणि चष्मा काढला. "आनंद? बाईच्या जॅकेटला हात घालण्याआधी आनंद?" मग म्हणाल्या, "राग असता तर मी बाहेरच्या घराचा विचार केला असता. हे वेगळं आहे. हे फाइलमधल्या त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर आहे." त्यांनी बंद विभागासाठी, दोन वर्षांसाठी, शिफारस लिहायला घेतली. खाली आधार म्हणून माझा तक्ता.

मॅडमचं म्हणणं पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे. पण हसरा चेहरा लावताना दादांचा स्वतःचा चेहरा कसा होता ते आठवायचा प्रयत्न करतेय. सूचना वाचणाऱ्या माणसासारखा होता.

९ ऑगस्ट

रविवार. आई घरी कपडे दुरुस्तीचं काम घेते. आज एका बॅगेला नवी चेन लावत होती. मी कुणाचं नाव न घेता तिला विचारलं, "एखादा माणूस चेन अशी का लावेल?" आणि दादा करतात तसं करून दाखवलं: या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा, मग दोन्ही अंगठ्यांनी कडा बाहेर ताणायच्या, शेवटी ओढायचा पत्रा आडवा पाडून बोटाने दाबायचा.

आईने सुई तोंडातून काढली. "हा चेन लावणारा नाही. तपासणारा आहे."

"म्हणजे?"

"कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसतात ना ते. दोनदा फिरवून बघायची, ताणून दात सुटतात का बघायचं, पत्रा आडवा पाडला की माल पास. तुझ्या वयाची असताना मी तीन वर्षं त्यांच्याच शेजारी बसायचे. कुठल्या कारखान्यात होता तो?"

फाइलमध्ये 'व्यवसाय' समोर 'बेरोजगार' आहे. मी ते वाचलं होतं आणि पुढे गेले होते.

"एवढी पुस्तकं वाचलीस," आई म्हणाली, "त्याला काय काम करत होतास हे विचारायचं नसतं का त्यात?" टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

१० ऑगस्ट

ताईला फोन केला. अकरा वर्षं बॅगांच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर. कारखाना बंद पडला. सात महिन्यांनी पहिली घटना.

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कुणी विचारलंच नाही हो. पोलिसांनी विचारलं, सध्या काय करतो. सध्या काहीच करत नव्हता." मग तिला एकेक आठवत गेलं. त्यांच्यासमोर चेनला लावायच्या, चार रंगांच्या पत्र्यांचे चार ट्रे असायचे. एका रंगाचा ढीग उरला की मालक कारखानाभर ऐकू जाईल असा ओरडायचा. म्हणून दादा नेहमी ज्या ट्रेत जास्त असेल त्यातून आधी उचलायचे. "घरीसुद्धा तसंच. वाटीत दाणे आणि मनुका दिल्या तर जे जास्त ते आधी खातो."

फोन ठेवला. मला दाणे दिसत नव्हते, लाल रांग दिसत होती.

११ ऑगस्ट

सत्र संपल्यावर दादांना थांबवलं. जे सोळा जूनला विचारायला हवं होतं ते आज विचारलं.

"दादा, लालच का लावला होता?"

"लाल जास्त होते."

"आणि नंतर पिवळा?"

"नवीन गठ्ठ्यात पिवळे जास्त. लाल संपत आलेले."

"मी काय वाटलं ते विचारत होते."

त्यांनी पाऊचची चेन लावली. "तुम्ही म्हणालात, एक लावा."

तेच म्हणाले होते मी. ब्रदर दाराशी होते, त्यांनी खाली बघितलं.

१४ ऑगस्ट

खात्री करून घेतली. चार वेळा पत्रकं बदलून ठेवली, प्रत्येक वेळी एक रंग जास्त. नाश्ता कसा वाटला, खेळ कसा वाटला असलं साधं विचारलं. चारही वेळा जास्त असलेला रंग. उपमा चांगला होता तरी घाबरलेला हिरवा.

१९ ऑगस्ट

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, मग काचेखालच्या तक्त्यावर बोट ठेवलं.

"पटतंय मला. आता एक सांग. त्या बाईचं मनगट मोडलं, ते त्याला राग होता म्हणून की चेन अडकली म्हणून, याने मनगटाला काही फरक पडतो?"

"नाही."

"कारण निरुपद्रवी निघालं म्हणून धोका कमी झाला?"

मॅडम पुढे म्हणाल्या, "शिफारस गेली आहे. ती मागे घ्यायची तर मला त्या जागी काहीतरी ठेवावं लागेल. तुझा पश्चात्ताप ठेवून चालणार नाही. आणि तक्ता चुकीचा ठरला तर तुझ्या पत्राला काय जोडायचं, तेही तूच सांग."

वाईट बोलल्या नाहीत. त्यामुळेच घरी येऊन जेवण गेलं नाही. नवीन कामाला लागलेली मुलगी तीन महिन्यांत सांगते की माझं सगळं चुकलं, हे कागदावर कसं दिसेल? गप्प राहिले तर कुणालाही कधी कळणार नाही. हे मी इथे लिहितेय म्हणजे तो विचार आला होता.

२ सप्टेंबर

दोन आठवडे लिहिलं नाही, कारण त्या जागी ठेवायला मी आणि ब्रदर काहीतरी शोधत होतो.

नियम असा ठरवला: उघडी चेन दिसली तर दोन पावलं लांब थांबायचं, हात पाठीमागे, आणि सांगायचं, 'तुमची पर्स उघडी आहे.' मग समोरच्याने बंद केली नाही तरी निघून जायचं. शेवटचं सगळ्यात अवघड. सरावासाठी बायका हव्या होत्या, मी एकटीच, आणि मला नोंदी ठेवायच्या होत्या. म्हणून ब्रदर खांद्याला माझी पर्स लटकवून व्हरांड्यात चालू लागले. बाकीचे चौघे भिंतीशी रांगेने बघायला उभे. एकाने ब्रदरना विचारलं, "ताई, बाजारात निघालात?" ब्रदर म्हणाले, "हो, तुमच्यासाठी अक्कल आणायला."

पहिले तीन दिवस दादांनी पर्स धरलीच. एकदा पट्टा इतका ओढला की ब्रदर भिंतीवर आपटले. कुणी हसलं नाही. मी ते तसंच लिहून ठेवलं.

मग आईने दुरुस्तीच्या दुकानांतून जुन्या पर्स आणि पाऊच गोळा करून दिले, दोन खोकी भरून. दादांना खिडकीजवळ एक टेबल दिलं. सकाळी एक तास तपासणी. चांगल्या चेनचे डावीकडे, खराब उजवीकडे. ज्या दिवशी हा तास होतो त्या दिवशी व्हरांड्यात ते थांबतात. वीसपैकी एकोणीस वेळा. विसाव्या वेळी चेन मध्येच अडकलेली होती आणि हात पुढे आला. तेही लिहिलंय. अडकलेली चेन म्हणजेच जिना.

मॅडम आज येऊन पाच मिनिटं बघून गेल्या. जाताना त्यांची पर्स उघडी होती. मुद्दाम ठेवली होती की नाही, सांगता येत नाही. दादा दोन पावलं लांब थांबले, हात मागे. "तुमची पर्स उघडी आहे." मॅडम तशाच पुढे गेल्या. दादांनी डोळे मिटून घेतले आणि वळले.

८ सप्टेंबर

काम करता करता दादांनी आपणहून विचारलं. असं पहिल्यांदाच.

"त्यांचा हात?"

मला कळायला वेळ लागला. "जिन्यावरच्या बाईंचा?"

"दोन ठिकाणी. तुम्ही वाचलं होतं." मग अंगठ्यांनी एका पाऊचच्या कडा ताणल्या. "जुळला का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, "विचारा." आणि पाऊच डावीकडे ठेवला.

ही जाणीव आहे की तपासणी? मॅडमच्या पहिल्या दिवशीच्या प्रश्नाच्या उत्तराचा हा कोपरा आहे की माझ्या मनाचे खेळ? यावेळी मी त्यावर कुठलाच चेहरा लावणार नाही. बोलले ते शब्द, तारीख आणि वेळ, एवढंच लिहिलं.

१२ सप्टेंबर

समिती दुपारी दोनला बसणार होती. मी सकाळी लवकर गेले. पाच चौकटींचा एक कोरा कागद घेतला आणि स्वतःसाठी भरला.

काय दिसलं: माणसाने लाल चेहरा लावला. काय विचार आला: त्याला राग येतो. काय वाटलं: इथे चारही रंगांत माझा चेहरा नव्हता, म्हणून शब्दात लिहिलं, अभिमान. काय केलं: रंग का निवडला हे न विचारता तक्ता केला आणि खाली सही केली. पुढे काय झालं: त्या तक्त्यावरून एक माणूस दोन वर्षं बंद होऊ शकतो.

त्याला चार पत्रकांची चाचणी जोडली, कारखान्याची माहिती, सकाळच्या तासाच्या नोंदी, ब्रदर भिंतीवर आपटले तो दिवस आणि ती विसावी वेळसुद्धा. त्या बाईंनाही समितीने ऐकून घ्यावं, आणि त्यांची तयारी असेल तरच दादांचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचवावा, असं खाली लिहिलं. मग मॅडमच्या काचेखालून तक्ता काढला, माझ्या सहीवर आडवी रेघ मारली, शेजारी पुन्हा सही केली आणि आजची तारीख घातली.

मॅडम दारात उभ्या होत्या. किती वेळ ते माहीत नाही. म्हणाल्या, "प्रती किती काढल्यास?"

"दोन."

"तीन काढ. एक मला लागेल, त्या शिफारशीच्या जागी ठेवायला."

अकरा वाजता सगळे कागद समितीच्या कारकुनाकडे दिले आणि पोचेचा शिक्का घेतला.